नावासकट

जिनिंग-प्रेसिंगच्या कामगाराला मालकाशी बोलणी करायला वर्षभर मिळत नाही. दसरा ते दिवाळी, एवढाच काळ. दसऱ्याआधी कारखान्याला कुलूप असतं आणि कामगार सोयाबीनच्या सोंगणीवर पांगलेले असतात. दिवाळी झाली, शेतकऱ्यांनी सीतादहीची पूजा करून पहिला वेचा घरी आणला की इकडे मुहूर्ताचा नारळ फुटतो, काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि मग कोणाचं ऐकायला कोणीच मोकळा नसतो. म्हणून जे ठरवायचं ते मशिनी थंड असताना. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो. सगळे मला मिस्तरी म्हणत. जिनांचे चामड्याचे रोलर उतरवून त्यांच्या खाचा नीट करणं, सुऱ्या बसवणं हे माझं दसऱ्यानंतरचं काम, आणि त्याच दिवसांत संध्याकाळी शेठजींच्या गादीवर बोलणी. हात ग्रीसचे आणि समोर चहाचा पांढरा कप, अशी माझी बहुतेक वाटाघाटींची आठवण आहे.

वाशीम हा उद्योगांचा जिल्हा कधीच नव्हता. इंग्रजांच्या वऱ्हाडात तो जिल्हा होता, १९०५ मध्ये मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला गेला, आणि १ जुलै १९९८ ला परत वेगळा झाला. कारखाना म्हणावा अशा जागा म्हणजे डाळ मिल, तेलाच्या गिरण्या आणि जिनिंग. कापूसही आता कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या बाजूला उरला. बाकीचा मुलूख सोयाबीनने कधीच घेतला. पण याच कारंज्यात १८८६ मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच आला. वजन कसं करायचं, अडत किती घ्यायची, हे सरकारने बांधून दिलं. मँचेस्टरला चांगला कापूस हवा होता म्हणून दिलं, हे खरं असलं तरी शेतकऱ्याच्या काट्याला नियम लागला. तोच कापूस पुढे जिनात गेल्यावर त्याची रुई काढणाऱ्या, गाठ बांधणाऱ्या माणसाचा दर मात्र माझ्या काळापर्यंत तोंडीच ठरत आला.

दर दोन तऱ्हांचे. प्रेसवरच्या टोळीला गाठीमागे पैसे. पक्की गाठ १७० किलोची, तिला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, बाकी सगळी सरकी. त्या एका गाठीचे पैसे टोळीतल्या माणसांनी वाटून घ्यायचे. आम्हा फिटर, ऑइलमन, मोटारवाल्यांना महिना. आणि गंजीवरून कापूस जिनांपर्यंत डोक्यावर वाहणाऱ्या, कवडी आणि पाला वेचणाऱ्या, सरकी ओढणाऱ्या बायांना रोज. बाया गड्यांपेक्षा जास्त होत्या. हजेरीपटावर मात्र आमची नावं वर, आणि पानाच्या तळाशी मुनीमजींच्या वळणदार अक्षरात एकच ओळ : ‘बाया – १४’. दुसऱ्या दिवशी १६, तिसऱ्या दिवशी १२. त्या १४ कोण होत्या ते फक्त मुकादमाला ठाऊक.

सुरुवातीच्या वर्षांत मला यात काही वावगं दिसलं नाही, कारण सगळीकडे तसंच होतं. तेव्हा एकाधिकार खरेदी योजना होती. १९७२ पासून कापूस सरकारच घ्यायचं आणि जिनिंगवाले फक्त मजुरीवर तो पिंजून, बांधून द्यायचे. दर मागायला गेलं की शेठजी म्हणत, वरून प्रक्रियेचा दर ठरून येतो, त्यातून किती देऊ? पुढे योजना गेली, भारतीय कापूस महामंडळाच्या निविदा आल्या, तरी उत्तर तेच राहिलं. निविदेत गाठीचा दर एकदा भरला की हंगामभर तो हलत नाही, हे खरंच आहे. म्हणून आमचं गणित असं, की निविदा भरायच्या आधी शेठजींच्या कानावर आमचा आकडा पडला पाहिजे. नंतर मागितलेला प्रत्येक रुपया त्यांच्या खिशातून जाणार, आणि खिशातला रुपया कोणी सुखाने देत नाही.

दुसरी अडचण उचलीची. पोळ्याला घरात पैसा नसतो. मुकादम पावसाळ्यात उचल द्यायचा, हंगामात फेडून घ्यायचा. ज्याने उचल घेतली त्याला दसऱ्याच्या बैठकीत तोंड नसायचं. माझा बाप सालगडी होता. गुढीपाडव्याला त्याचं साल ठरायचं. इतकी ज्वारी, इतके रोख, जोडा, घोंगडी. उचल आधीच अंगावर असल्यामुळे तो नुसता मान हलवायचा. जिनिंगच्या टोळीची तीच गत होती, फक्त पाडव्याच्या जागी दसरा.

अकोल्याहून लाल बावट्याचे एक कार्यकर्ते यायला लागले तेव्हा यात फरक पडला. नाव सांगत नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. आम्ही त्यांना कॉम्रेड म्हणत असू. कडकडीत इस्त्रीचा सदरा, एसटीच्या प्रवासाने चुरगळलेली पिशवी, पिशवीत कायद्याची पुस्तकं. भाषण त्यांना फारसं जमत नसे, पण पुस्तकातली ओळ बोट ठेवून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी कर्मचारी राज्य विमा कायदा उघडला. हंगामी कारखान्याला विमा लागू नाही, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय याची यादी : कापूस जिनिंग, कापूस किंवा ताग दाबणं, भुईमूग फोडणं, मग कॉफी, नीळ, लाख, साखर, चहा. यादीत पहिलं नाव आमचं. ‘म्हणजे रोलरमध्ये बोट गेलं तर तुमचा दवाखाना मालकाच्या मर्जीवर,’ ते म्हणाले. ‘नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आहे, पण त्यासाठी तुम्ही इथे कामाला होता हे आधी सिद्ध करावं लागतं.’

मग त्यांनी ग्रॅच्युइटीचं पान काढलं. बारमाही कारखान्यात वर्षाला १५ दिवसांची मजुरी, हंगामी कारखान्यात हंगामाला ७ दिवसांची. तीही कारखाना जितके दिवस चालला त्याच्या पाऊण दिवस हजेरी लागली असेल तर. बोनसला वर्षात ३० दिवस काम पुरतं. प्रत्येक ठिकाणी गाडी हजेरीवर येऊन थांबत होती. त्यांनी मला विचारलं, हजेरीपट पाहिला का कधी? मी म्हटलं, रोजच पाहतो. ते म्हणाले, मग बायांची नावं वाचून दाखवा.

युनियनला मान्यता मिळवावी असं आम्हा तरुणांना वाटे. त्यांनी तोही फुगा फोडला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अर्जाआधीचे सलग सहा महिने ३० टक्के कामगार सभासद असावे लागत. आमचा कारखाना सहा महिने चालतच नव्हता. त्यामुळे मान्यतेचा नाद सोडून त्यांनी दुसरा रस्ता धरला : मागणीपत्र द्यायचं, तडजोड नाही झाली तर कामगार अधिकाऱ्यासमोर समेटाला जायचं, आणि संपाची नोटीस बरोबर दसऱ्याच्या दिवशी द्यायची. नोटिशीनंतर १४ दिवस थांबावं लागतं. १४ दिवस संपले की दिवाळी तोंडावर. सोनं वाटून झाल्यावर नोटीस द्यायला गेलो तेव्हा शेठजींनी ती आपट्याच्या पानांबरोबर घेतली आणि पेढा पुढे केला. तेवढा सभ्यपणा दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत राहिला, हे सांगायला हवं. सिनेमातल्यासारखी खुर्च्यांची फेकाफेक आमच्याकडे एकदाही झाली नाही.

ज्या कराराबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे तो पाइपांच्या वर्षाचा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान मोहीम काढली होती. तिचा चौथा भाग जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाचा, त्याला अनुदान. आमच्याकडे ती जरा उशिरा पोहोचली. अंगणात पक्का ओटा झाला, कापूस ओढणारे मोठे पाइप बसले, जिनांवर आपोआप कापूस सोडणारे फीडर आले, रुई नेणारा पट्टा आला. फिटर म्हणून मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. नवीन मशिनची फिटिंग पाहताना मला भूक लागत नसे. पण गंजीपासून जिनापर्यंतची जी वाट बायांनी डोक्यावर ओझं घेऊन चालून गुळगुळीत केली होती, तिच्यावरून आता पाइप जाणार होता.

त्या वर्षीच्या बोलणीत शेठजींनी आकडा आधी टाकला. महिनेवाल्यांना चांगली वाढ, प्रेसच्या टोळीला गाठीमागे वाढ. इतक्या लवकर इतकं त्यांनी कधी दिलं नव्हतं. बदल्यात दोन कलमं : पाळीत माणसं किती लागतील ते मालक ठरवेल, आणि रोजंदारीचा विषय या करारात नको.

माणसं कमी झाली म्हणजे काय होणार हे प्रेसवाल्यांना न शिकवता कळलं. गाठीचा दर वाढणार, गाठी पाळीला जास्त निघणार, वाटेकरी कमी. प्रत्येकाच्या हातात दाम जास्त. लिंबाखाली टोळीची बैठक झाली तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या गप्प बसण्याला मी आज नावं ठेवत नाही. उचल अंगावर, पोरीचं लग्न तोंडावर, आणि समोर पडलेला आकडा. अशा माणसाला दुसऱ्याच्या रोजीसाठी तो परत कर म्हणणं सोपं नाही. ज्यांच्या घरातल्याच बाया गंजीवर होत्या, ते आधी बोलले. बाकीचे बघत राहिले.

बायांच्या बाजूने बोलली ती एक थोरली मावशी. एकाधिकाराच्या काळापासून ती सरकीच्या ढिगावर होती. तिला बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं, पाणी प्यायला आली आणि थांबली. म्हणाली, ‘मिस्तरी, दोन रुपये वाढले त वाढले. पण माहं नाव कुठी हाये त्या कागदात? उद्या शेठजी म्हनतीन, हे कोन बाई? त तुम्ही काय सांगसान?’ कॉम्रेडनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या बैठकीत आमच्या मागणीपत्राचा क्रम बदलला होता. पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. पहिली मागणी : रोजंदारीसह प्रत्येक कामगाराचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि कामाला लागल्याचा हंगाम यांची यादी, आणि पुढच्या हंगामात याच यादीच्या क्रमाने बोलावणं.

शेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मिस्तरी, रुपया मागा, देतो. नावं कशाला? आज ही येते, उद्या ती येते. कोणाकोणाला लक्षात ठेवू?’ मुनीमजी काही बोलले नाहीत, पण ते हिशेबाचे माणूस, त्यांना कळलं होतं. नाव लागलं की हजेरी लागते, हजेरीतून बोनस निघतो, पाऊण हंगामाचा हिशेब निघतो, अपघात झाला तर पुरावा निघतो. पगाराची वाढ हंगामाबरोबर संपते. नाव पुढच्या हंगामात परत दारात येऊन उभं राहतं.

बोलणी अडली. नोटिशीचे दिवस सरत आले. इथे आम्ही काही मोठा लढा दिला असं सांगायला मला आवडलं असतं. झालं ते असं : नव्या मशिनींची चाचणी म्हणून शेठजींनी थोडा कापूस बाहेरच्या चार-दोन माणसांकडून चालवून घेतला. पाइपाने सगळंच ओढलं. कापसाबरोबर सुतळीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, पाला, केस. पूर्वी डोक्यावर ओझं घेण्याआधी बाया हे सहज हाताने वेगळं काढत, त्या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं आणि त्याचा वेगळा दरही नव्हता. आता ते रुईत पिंजून बसलं. सूतगिरणीला रुईत सुतळी चालत नाही, कापड रंगवल्यावर तो धागा वेगळा दिसतो. आलेल्या व्यापाऱ्याने रुईचा पुंजका हातात उकलून पाहिला आणि भाव तोडला. खंडी ३५६ किलोची, खंडीमागे तुटलेला भाव बायांच्या रोजाच्या कितीतरी पट. दोन दिवसांनी शेठजींनीच विचारलं, की पाइपाआधी वेचणीचा पट्टा लावला तर पाळीला किती बाया लागतील?

म्हणजे नावांचं कलम न्यायाने सुटलं असं मी म्हणणार नाही. सुतळीने सोडवलं. पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आमच्याकडे तयार मागणीपत्र होतं, त्याचा क्रम ठरलेला होता, म्हणून सुटलं. ते नसतं तर वेचणीला बाया आल्या असत्या, मुकादमाच्या तोंडी यादीवर.

यादी करण्याचं काम माझ्या आणि मुनीमजींच्या गळ्यात पडलं. मला वाटलं तासाभराचं काम आहे. एका बाईचं नाव रेशनकार्डावर एक, मतदारयादीत दुसरं आणि गावात तिसरंच. लग्नानंतर बदललेलं नाव काहींना स्वतःला आठवायला वेळ लागला. एकाच नावाच्या तिघी निघाल्या, त्यात दोघींच्या नवऱ्याचं नावही एकच, मग सासऱ्यांची नावं विचारावी लागली आणि ती सांगायला दोघी लाजल्या. वय कोणी दुष्काळावरून सांगे, कोणी थोरल्या पोराच्या वयावरून. ‘कामाला कधी लागलात’ याला सर्वांत जास्त मिळालेलं उत्तर ‘शकुंतला कोळशावर चालत होती तवा’. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळची छोटी गाडी, तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं, तेव्हा त्याआधीची सगळी वर्षं या एका उत्तरात मावत. मुनीमजी आधी कुरकुरत लिहीत होते, नंतर स्वतःच आठवून सांगायला लागले, ही अमक्या सालच्या आगीत पाण्याच्या बादल्या भरत होती, म्हणजे तेव्हा होती. त्या माणसाला सगळं आठवत होतं. फक्त लिहायला कोणी सांगितलं नव्हतं.

मसुद्यावर दोन गोष्टींवरून कॉम्रेड हटून बसले. शेठजींच्या वकिलाने ‘तीन वर्षांचा करार’ लिहिलं होतं, त्यांनी ते खोडून ‘तीन हंगाम’ केलं. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, कारखाना उघडतच नाही. ते वर्ष कामगाराच्या खात्यातून का जावं? दुसरी गोष्ट सहीची. मालक म्हणत होते आपसात सही करू, कचेरी कशाला. कॉम्रेडनी पुन्हा पुस्तक काढलं. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात आपसातला करार सह्या करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर, कलम १२(३) खाली झालेला करार त्या कारखान्यातल्या सगळ्यांना लागू होतो, युनियनचे सभासद असोत नसोत, आणि पुढे कामाला लागणाऱ्यांनाही. जिथे माणसं दर हंगामाला बदलतात तिथे ह्या एका कलमाची किंमत पगारवाढीपेक्षा जास्त. शिवाय मुदत संपली म्हणून तो करार मरत नाही. कोणी लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत तो बांधूनच ठेवतो. आम्ही वाशीमला जाऊन सह्या केल्या. सोबत परिशिष्ट म्हणून नावांची यादी, तिच्यावर निळ्या शाईचे अंगठे. येताना स्टँडवर चहा प्यायलो आणि शेवटची गाडी पकडली. मोठं काही घडल्यासारखं त्या दिवशी कोणालाच वाटलं नाही. प्रेसच्या टोळीत तर नाराजीच होती, कारण गाठीची वाढ शेठजी पहिल्यांदा बोलले त्यापेक्षा कमी मिळाली. त्यांच्यातल्या दोघांनी पुढे मला कित्येक दिवस रामराम घातला नाही.

थोरल्या मावशीने काम सोडलं तेव्हा यादीचा पहिला खरा हिशेब झाला. ग्रॅच्युइटी मिळाली, कज्जा न करता मिळाली, पण नाव लागल्यानंतरच्या हंगामांची. ८ हंगाम, दर हंगामी ७ दिवस, म्हणजे ५६ दिवसांची मजुरी. त्याआधीचे जवळजवळ दुप्पट हंगाम यादीत ‘शकुंतला कोळशावर चालत होती तवा’ या उत्तरात राहिले, त्यांना कागद नव्हता. मुनीमजी तोवर वारले होते. कॉम्रेड म्हणाले, लढून पाहू. मावशी म्हणाली, नको, दवाखान्यातच जाईल ते. तिला दम्यासारखा खोकला होता, रुईच्या धुळीत काम केलेल्या पुष्कळ बायांना असतो.

आता मी जिनिंगमध्ये नाही, पण बोलणीच्या वेळी नवी कमिटी बोलावते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुनी पुस्तकं कपाटात गेली. पोरांनी मोबाइलवर नवा मजकूर दाखवला. विम्यातून हंगामी कारखाना अजून बाहेरच आहे, ग्रॅच्युइटीचे ७ दिवस तेच आहेत. प्रेसवर आता आमच्या गावची टोळी नाही. ठेकेदार मध्य प्रदेशातून माणसं आणतो, ती कारखान्यातच पत्र्याच्या खोल्यांत राहतात, हंगाम संपला की जातात. त्यांचा पट ठेकेदाराकडे, आणि तो कमिटीतल्या कोणी पाहिलेला नाही.

यंदाच्या मागणीपत्रात तो पट पहिल्या क्रमांकावर घ्यावा, दर दुसऱ्यावर, असं मी म्हटलं. कमिटीतल्या पोरांना ते पटलेलं नाही. एकाने तोंडावर सांगितलं, ‘मिस्तरी काका, ते आपले मेंबर नाहीत, वर्गणी देत नाहीत, त्यांच्यासाठी आपली वाढ काहून अडवायची?’ दुसरा म्हणाला, त्यांची भाषा येत नाही, नावं लिहायची कशी. मी म्हटलं, हिंदी सगळ्यांनाच येते. यावर वाद वाढला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती दसऱ्याआधी आहे.